शिक्के आणि एक बंद पाकीट

कुवेतला पाहण्यासारखे काय आहे, असे निघण्यापूर्वी मला चार जणांनी विचारले. परत आल्यावर कोणीच काही विचारले नाही. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांना ते माहीत असते आणि ज्यांचे नाहीत त्यांचे तेल, वाळू आणि सोने एवढ्यावर भागते. मी तेथे वाळू पाहिली. तेल दिसले नाही, सोन्याच्या बाजारात गेलो नाही. जे पाहिले ते बहुतेक कागद होते.

इराकवरच्या दुसऱ्या युद्धानंतरचा तो एक फेब्रुवारी. पुण्यातल्या एका दैनिकातून उपसंपादक म्हणून मी नुकताच निवृत्त झालो होतो. धाकटी बहीण सुलभा कुवेतच्या जाब्रिया भागातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तिचे यजमान अरविंदराव मूळचे नाशिकचे; समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या एका प्रकल्पात देखभालीचे इंजिनियर. दोघांना तेथे वीस वर्षे होत आली होती. एकुलती मुलगी मृण्मयी बारावीला होती.

विमानतळावर माझी बॅग उघडली गेली. चकल्या, गोडा मसाला आणि सुलभासाठी नेलेले दोन दिवाळी अंक निघाले. कस्टमच्या माणसाने एका अंकाच्या मुखपृष्ठावरच्या स्त्रीकडे पाहिले, पाने उलटली, वरिष्ठाला दाखवली. दोन्ही अंक माहिती खात्याकडे तपासणीला जातील, असे सांगून त्याने मला अरबी भाषेतली पावती दिली. पावतीवर निळा शिक्का होता. बाहेर अरविंदराव उभे होते. मी ती चुरगळून खिशात घालणार, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे, दादा. शिक्का आहे तिच्यावर."

गाडीत बसल्यावर त्यांनी ती पावती एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरळ करून ठेवली. अंक कधीच परत मिळाले नाहीत. पावती अजूनही त्या घरात असेल.

जाब्रिया, गुरुवार

त्या काळी तेथे सुट्टी गुरुवार-शुक्रवार असे. सुलभाचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. खाली इराणी रोट्यांची भट्टी. परातीएवढी गरम रोटी वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते आणि तीत चार माणसे जेवतात. त्या रोटीबरोबर सुलभाने पिठले केले होते. पिठले नाशिकचे, ठेचा पुण्याचा, रोटी इराणी, पाणी समुद्राचे. जेवण उत्तम होते.

जेवणानंतर मृण्मयीने टेबलावर एक पुस्तिका ठेवली. जपानच्या क्यूशू बेटावरच्या एका विद्यापीठाची ती होती. नाव लिहीत नाही. सोमवारी आणि मंगळवारी कुवेत सिटीतल्या एका हॉटेलात त्या विद्यापीठाची माणसे येणार होती. इंग्रजीतून पदवी, शुल्कात माफी, पहिले वर्ष वसतिगृह. विमानतळावर घ्यायला माणूस येणार. प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला एक जपानी विद्यार्थी सोबती म्हणून नेमून देणार; तो बँकेत खाते उघडून देणार, डॉक्टरकडे नेणार. घर भाड्याने घेताना जामीन लागतो, तर विद्यापीठच जामीन राहणार.

"म्हणजे सासरच्यापेक्षा बरं," सुलभा म्हणाली.

"आई, प्लीज."

मृण्मयीला पाणी शिकायचे होते. खारे पाणी गाळून गोडे करणारे पडदे कसे बनवतात, ते. लहानपणी अरविंदरावांनी तिला प्रकल्प दाखवला होता आणि तेव्हापासून ती नळाकडे इतर मुलांसारखी पाहत नसे. कुवेतमध्ये जन्मलेल्या परदेशी मुलांना तिथल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळणे जवळपास अशक्य. जपान सरकारची शिष्यवृत्ती ज्या त्या देशातून त्या देशाच्या नागरिकांनाच मिळते; कुवेतमधून ती कुवेतींना. भारतीय मुलीने भारतातून अर्ज करायचा. भारतात ती दोन वर्षांतून एकदा, एक महिना येत असे.

"मामा, पुण्यात मी टूरिस्ट असते," ती म्हणाली. "तिथे कझिन्स माझ्या मराठीला हसतात. इथे सिव्हिल आयडीवर लिहिलंय की मी बाबांची डिपेंडंट. कुठेतरी नुसतं स्टुडंट लिहिलेलं असावं, बस."

म्हणून विद्यापीठाची स्वतःची योजना हाच एक दरवाजा उरला होता. अर्ज मंगळवारी संध्याकाळपर्यंत हॉटेलात त्यांच्या हातात द्यायचा, नाहीतर महिनाअखेरपर्यंत जपानला पोचवायचा. शुल्कमाफीशिवाय जाणे शक्य नव्हते, हे अरविंदरावांनी आधीच सांगून टाकले होते आणि तिने ते मान्य केले होते.

तिने सगळी कागदपत्रे मांडली. शेवटी एक पांढरे पाकीट ठेवले. शाळेच्या प्रिन्सिपॉल बाईंनी बुधवारी ते दिले आणि त्याच रात्री त्या आजारी आईकडे केरळला गेल्या. आत गुणपत्रके आणि शिफारसपत्र. चिकटवलेल्या झडपेवर बाईंची आडवी सही होती, अर्धी झडपेवर, अर्धी पाकिटावर.

सवयीने मी पुस्तिकेतल्या सूचना वाचल्या. नववी सूचना अशी होती: शिफारसपत्र मुख्याध्यापकांनी स्वतः बंद करून झडपेवर सही करावी, उघडलेले पाकीट स्वीकारले जाणार नाही. ठळक अक्षरांत होती. छपाईत एकही चूक नव्हती.

"बाबा, फाइल तुमच्याकडे ठेवा. माझ्या टेबलावर ठेवली तर हरवेल. शनिवारी केमिस्ट्री प्रॅक्टिकल आहे." एवढे बोलून ती अभ्यासाला गेली.

जहरा, शुक्रवार

शुक्रवारी अरविंदराव मला जहऱ्याला घेऊन गेले. शहर संपले की दोन्ही बाजूंना तंबू लागतात. हिवाळ्यात कुवेती कुटुंबे वाळवंटात मुक्कामाला जातात. तंबूला जनरेटर, जनरेटरला टीव्ही. पाऊस झाला होता, म्हणून वाळूत काटेरी झुडपांना पिवळी फुले आली होती. रस्त्याच्या कडेला सुदानी माणसे उंटिणीचे दूध विकत होती. मी प्यायलो. कोमट, किंचित खारट. उजव्या लेनमधून अमेरिकी लष्कराचे ट्रक सलग उत्तरेकडे जात होते.

"हाच रस्ता," अरविंदराव म्हणाले. "नव्वद साली इराकी सैन्य घुसलं तेव्हा ह्याच रस्त्याने बसनं निघालो. बसरा, बगदाद, तिथून अम्मान. मृणू तीन वर्षांची. आठ दिवस दूध नव्हतं, नुसती चहाची पावडर."

"कागद?"

"सगळे घरात राहिले. डिग्री, करार, सर्टिफिकेटं. घर लुटलं. परत यायची वेळ आली तेव्हा कंपनी म्हणे, तुम्ही इंजिनियर आहात कशावरून? नाशिकला आईच्या ट्रंकेत डिग्रीची एक कॉपी होती. तिच्यावर वकिलातीचा शिक्का, इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. त्या एका कॉपीवर मी परत आलो. माझ्याबरोबरचा परांजपे माझ्यापेक्षा हुशार. त्याच्या कॉपीवर शिक्का नव्हता. तो नाही आला."

परांजपे पुढे काय करत होते ते मी विचारले. सातपूरला स्टेशनरीचे दुकान टाकले होते. आता ते हयात नव्हते.

जहऱ्यात इब्राहिमभाई राहतात. मूळचे दापोलीजवळचे. अरविंदरावांच्या कंपनीत मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कंपनीची कामे करून आणणारा माणूस. तेवीस वर्षे त्यांनी दुसरे काही केलेले नाही. कोणत्या खिडकीवरचा माणूस चहा घेतो आणि कोणता सलाम न घालता कागद पुढे केला तर चिडतो, हे त्यांना पाठ होते. घरी एकटेच. त्यांनी आमच्यासाठी झुबैदी केली होती. झुबैदी म्हणजे आपले पापलेट. कुवेती ते भाताबरोबर भाजून खातात, इब्राहिमभाईंनी कोकम घालून कालवण केले होते.

"खावा साहेब. मासा अरबी, पन आता दापोलीचा झाला."

हात धुतल्यावर अरविंदरावांनी फाइल उघडली. इब्राहिमभाईंनी एकेक कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. पुढची बाजू त्यांनी पाहिलीच नाही.

"दाखल्यावर हाय. दहावीच्या मार्कशीटवर हाय. हे पाकीट काय?"

"शाळेचं. अकरावी-बारावीचे मार्क आणि प्रिन्सिपॉलचं पत्र."

"शिक्के?"

"आत असतील शाळेचे."

"शाळेचा शिक्का म्हंजे शिक्का न्हवं, अरविंदभाय. शिक्षन खात्याचा पायजे. मग परराष्ट्र, मग आपली वकिलात. तीन. तीन न्हाय तर त्यो कागद म्हंजे पापलेट गुंडाळायला." ते माझ्याकडे वळले. "पेपरवाले ना तुमी? तुमी सांगा. बंद पाकीट कोन घेतो? आत भाजीची यादी असंल तर?"

"जपानी आहेत," अरविंदराव म्हणाले. "ते तर आपल्यापेक्षा कडक."

"म्हनून तर. उद्या शिक्षन, परवा परराष्ट्र आन वकिलात. माजी मानसं हायत. सोमवारी पोरीच्या हातात द्या. बापानं काय केलं ते बगू दे तिला."

टेबलावर नारळ फोडायचा कोयता होता, शेजारी भाजीची सुरी. अरविंदरावांनी सुरी घेतली. झडप फाटू नये म्हणून तिला हात न लावता त्यांनी पाकीट वरच्या कडेने नीट कापले. बाईंची सही तशीच राहिली.

नववी सूचना मला आठवत होती. आदल्या रात्री वाचली होती. ठळक अक्षरे सहसा विसरत नाही. मी तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढल्या. त्या दिवशी मी पाहुणा होतो, तोंडात कोकमाची चव होती आणि ती दोन माणसे आपापल्या कामात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी जुनी होती. काहीतरी वेगळी सोय असेल, असे मी मनाशी म्हटले. मी बोललो नाही.

अरविंदरावांनी शिफारसपत्र वाचले. एक पान होते. संपल्यावर त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले आणि माझ्याकडे दिले. बाईंनी लिहिले होते की या मुलीने प्रयोगशाळेतला बिघडलेला ऊर्ध्वपातनाचा संच तीन शनिवार बसून दुरुस्त केला आणि कोणाला सांगितले नाही. त्यांना ते शिपायाकडून कळले. आपल्या नोकरीच्या सर्व वर्षांत असे पत्र आपण लिहिलेले नाही, असेही होते.

"मला म्हणाली नव्हती," अरविंदराव म्हणाले.

"पोरी बापाला काय सांगतात?" इब्राहिमभाई म्हणाले. "द्या इकडं. मागं जागा हाय, तीन बसतील."

कुवेत सिटी, शनिवार आणि रविवार

अरविंदरावांनी दोन दिवस रजा टाकली. मृण्मयीला सांगितले नाही. तिला चकित करायचे होते. मी सोबत गेलो.

कुवेती कचेरीत गोंगाट नसतो. माणसे भिंतीला धरून उभी राहतात, खिडकीजवळ जाऊन कागद सरकवतात आणि कागदाकडे न बघता छताकडे बघतात. रांगेत बांगलादेशी होते, केरळी परिचारिका होत्या, इजिप्शियन शिक्षक होते. एक कुवेती तरुण आला. थेट खिडकीवर गेला, आतल्या माणसाच्या गालाला गाल लावला आणि दोन मिनिटांत निघून गेला. कोणी मान वळवली नाही. आपल्याकडे निदान कोणी तरी पुटपुटले असते.

शनिवारी शिक्षण खात्याचा हिरवा शिक्का बसला. रविवारी सकाळी परराष्ट्र खात्याचा निळा, वर तिकिटे. दुपारी वकिलातीचा जांभळा गोल. पत्राच्या मागे जागा पुरली नाही, म्हणून शेवटचा शिक्का पुढच्या बाजूला, मजकुरावर आला. ऊर्ध्वपातनाच्या संचाचे वाक्य त्याखाली गेले. शाई ओली होती. अरविंदरावांनी पत्र गाडीच्या एसीच्या झोतासमोर धरले.

"आता बघू कोण नाही म्हणतो," ते म्हणाले.

हॉटेल, सोमवार

हॉटेल समुद्राला लागून होते. दालनात निळा गालिचा, टेबलांवर खजूर आणि अरबी भाषेत छापलेल्या पुस्तिका. पहिल्या दोन रांगा कुवेती पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. कुवेती सरकार आपल्या विद्यार्थ्यांचा परदेशातला सगळा खर्च करते, त्यामुळे जगभरच्या विद्यापीठांचे लक्ष त्यांच्यावर असते. जपान्यांनी नमाजाच्या खोलीचा फोटो लावला होता, हलाल जेवणाचा लावला होता. अर्धा तास वाट पाहून कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या दोन रांगांत तीन माणसे होती: एक बाप आणि त्याचे दोन मुलगे. मागच्या रांगांत जागा नव्हती. भारतीय, इजिप्शियन, पॅलेस्टिनी, पाकिस्तानी; शाळेच्या गणवेशातली मुले, मांडीवर फायली घेतलेले बाप. पुस्तिका अरबी होत्या आणि प्रश्न इंग्रजीतून येत होते.

कुवेती मुलाने एक प्रश्न विचारला: जपानमध्ये कुवेतचे ड्रायव्हिंग लायसन्स चालते का? विद्यापीठाच्या दोघांनी त्याला त्याच्या जागी जाऊन उत्तर दिले. निघताना कापडी पिशवी दिली आणि दारापर्यंत पोचवले.

पाण्याच्या विभागाचे एक प्राध्यापक आले होते, साठीचे, कोटाच्या खिशात पेने. त्यांच्या टेबलावर काचेच्या नळीत पांढऱ्या तंतूंची जुडी होती, शेवयांसारखी. प्रत्येक तंतू आतून पोकळ. मृण्मयीने जुडी प्रकाशाकडे धरली.

"खारं पाणी बाहेरून आत?" तिने इंग्रजीत विचारले.

"तुला काय वाटते?"

"बाहेरून. आतून घातलं तर गाळ साठेल आणि धुता येणार नाही. माझ्या वडिलांकडे पडदा नाही, वाफ आहे. पण त्यांची अडचण तीच. मीठ उरतं आणि ते कुठे टाकायचं कोणाला माहीत नसतं."

प्राध्यापकांनी खुर्ची ओढून तिला बसवले. वीस मिनिटे ते बोलत होते. बाकीची रांग खोळंबली. शेवटी त्यांनी एका कार्डावर जपानी लिपीत तिचे नाव लिहून दिले आणि प्रत्येक अक्षराचा उच्चार करून दाखवला. "ऑक्टोबरमध्ये भेटू," असे म्हणाले.

अर्ज घेणाऱ्या टेबलावर ओकादा नावाच्या बाई होत्या, तिशीच्या. समोर छापील यादी. मृण्मयी बसली. अरविंदराव मागून पुढे झाले आणि त्यांनी फाइल दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. जपान्यांना काहीही दोन्ही हातांनीच द्यायचे असते, असे त्यांनी कुठे तरी वाचले होते.

"बघ," ते मुलीला म्हणाले. "सगळ्यांवर. तिन्ही."

ओकादाबाईंनी यादीवर खुणा केल्या. एक, दोन, तीन, असे करत त्या नवव्या ओळीपर्यंत आल्या. पाकीट उचलले, कापलेली कड पाहिली, पाकीट खाली ठेवले. शिफारसपत्र उलट-सुलट केले. हिरवा, निळा, जांभळा.

"हे कशासाठी आहेत?" त्यांनी विचारले.

"खरे आहे हे दाखवायला," अरविंदराव म्हणाले.

"पाकीट कोणी उघडले?"

मृण्मयीने पाकीट हातात घेतले. झडपेवरची सही शाबूत होती. तिने अंगठा कापलेल्या कडेवरून फिरवला.

"बाबा, तुम्ही ओपन केलं?"

"शिक्क्यांसाठी, मृणू. बंद पाकिटावर शिक्का कसा..."

"इट वॉज सील्ड. इट वॉज सपोज्ड टू बी सील्ड."

यानंतर ओकादाबाई बराच वेळ बोलल्या. मुलीने पत्र बदलले असे आम्ही म्हणत नाही. पण ते बदललेले नाही हे सांगणारी गोष्ट एकच होती, पाकीट बंद असणे. शिक्के फार सुंदर आहेत. मात्र शिक्के मारणाऱ्यांनी मुलीला पाहिलेले नाही. सही करणाऱ्या बाईंनी पाहिले आहे. मला फार वाईट वाटते. नियम सर्वांना सारखा आहे. हे सगळे त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितले. 'मला वाईट वाटते' हे वाक्य मी सात वेळा ऐकले.

मी मध्ये पडलो. त्या कुवेती मुलांचे कसे, असे विचारले. त्यांचे कागद त्यांच्या मंत्रालयाकडून परस्पर येतात, थोडे उशिरा आले तरी चालतात, असे त्या म्हणाल्या. प्राध्यापक उठून आले. दोघे जपानीत बोलले. प्राध्यापकांनी पत्र हातात घेतले, जांभळ्या शिक्क्याखालचे वाक्य वाचायचा प्रयत्न केला आणि चष्मा काढून पुन्हा केला. मग त्यांनी मृण्मयीसमोर कमरेतून वाकून नमस्कार केला आणि आपल्या टेबलावर जाऊन बसले. शेवयांच्या नळीशेजारी दुसरा मुलगा उभा होता.

पाच दिवस

महिनाअखेरपर्यंत जपानला पोचवायचे नवे पाकीट फक्त प्रिन्सिपॉल बाई देऊ शकत होत्या. मंगळवारी शाळेत गेलो. व्हाइस प्रिन्सिपॉलनी पत्र द्यायला नकार दिला; मुलीला आपण शिकवलेले नाही, म्हणाले. खरे होते. त्यांनी गुणपत्रके नव्याने काढून दिली आणि बाईंचा कोट्टयमचा फोन नंबर दिला. बाईंची आई अतिदक्षता विभागात होती. त्यांनी फोनवर पूर्ण ऐकून घेतले.

"वाट बघू नका. मी लिहिते आणि इथूनच जपानला पाठवते," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी पाठवलेही.

बुधवारपासून राष्ट्रीय दिनाची सुट्टी लागली. शहरभर दिव्यांच्या माळा. समुद्रकाठच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, गाड्यांच्या टपावर मुले, हातात फेसाचे डबे. येणाऱ्या-जाणाऱ्यावर फेस उडवायची तेथे रीत आहे. आमच्या काचेवरही उडवला. अरविंदरावांनी वायपर चालवला.

"दादा, तू तरी..." सुलभाने एकदा सुरुवात केली आणि ओट्याकडे वळली. तिला किती ठाऊक होते, मी विचारले नाही.

इब्राहिमभाईंचा फोन आला. "सही चालते म्हनं, शिक्का न्हाय चालत?" ते अरविंदरावांना म्हणाले. "असला देश हाय तरी कुठं?" ते चेष्टा करत नव्हते. तेवीस वर्षांत त्यांनी असे ऐकले नव्हते.

मृण्मयी त्या दिवसांत वडिलांशी इंग्रजीत बोलू लागली. येस, नो, आय हॅव ईटन. रागाचा एकही शब्द नाही. अरविंदराव तिला मराठीतून विचारत आणि उत्तर आले की मान हलवत.

केरळहून गेलेले पाकीट मुदतीनंतर दोन दिवसांनी पोचले. ओकादाबाईंचा ईमेल आला. आपल्या अर्जाबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. आपले पाकीट न उघडता परत पाठवत आहोत.

माझी परतीची तारीख आली होती. निघताना अरविंदरावांनी माझे तिकीट, पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद तीनदा तपासला. विमानतळाकडे जाताना गाडीत मी त्यांना सांगितले की नववी सूचना मी त्या गुरुवारीच वाचली होती. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"वाचली होती?"

"हो."

मग ते म्हणाले, "मी नव्हती वाचली. वाचायला हवी होती." माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. अजूनही बोललेले नाहीत.

पुणे

जुलैमध्ये मृण्मयी आमच्याकडे राहायला आली. परदेशस्थ भारतीयांच्या कोट्यातून एका इंजिनियरिंग कॉलेजात स्थापत्य शाखेत जागा मिळाली. पाण्याची शाखा तेथे नव्हती. रिक्षावाल्याशी बोलताना ती हिंदी वापरते. दूधवाला तिला 'ती फॉरेनची' म्हणतो.

कॉलेजच्या कचेरीत कागद तपासायला मी तिच्याबरोबर गेलो. कारकून पन्नाशीचे गृहस्थ होते, टेबलावर ओला स्पंज आणि टाचण्यांची डबी. त्यांनी फाइल उघडली, पहिला कागद घेतला आणि उलटा केला. मग दुसरा. मग तिसरा. चेहऱ्यावर समाधान दिसू लागले.

"परदेशातून येतात, एकाचे कागद धड नसतात," ते मला म्हणाले. "आणि हे बघा. शिक्षण खातं, परराष्ट्र, आपली वकिलात. वर्तणुकीच्या दाखल्यावरसुद्धा तिन्ही. वीस वर्षांत असं पाहिलं नाही. वडिलांनी केलं का गं हे?"

"हो," मृण्मयी म्हणाली. मराठीत.

"भाग्यवान आहेस."

फाइलच्या शेवटच्या कप्प्यात दुसरे पाकीट होते. क्यूशूहून परत आलेले, केरळची तिकिटे, झडपेवर बाईंची आडवी सही. अजून बंद. तिने ते उघडले नव्हते आणि कोणाला उघडू दिले नव्हते. कारकुनांनी ते उचलले, दोन्ही बाजूंनी पाहिले, उजेडात धरले.

"यावर शिक्का नाही," ते म्हणाले. "हे चालणार नाही."

आणि ते त्यांनी तिच्याकडे सरकवले.